चौथीचं नाव

पाटी आधी आली.
निळी, पांढऱ्या अक्षरांची,
फ्रीटाउनहून तांदळाच्या ट्रकमधून:
कुटुंब साहाय्य कक्ष.
कक्ष अजून यायचा होता.

कोइडूच्या ठाण्यामागे एक कोठी होती.
जप्त चाळण्या, फावडी, हिऱ्यांच्या खाणीवरचा मोडका पंप.
मी आणि कॉर्पोरल मसा, आम्ही दोन रविवार ती उपसली.
भिंतींना चुना. खिडकीला माझ्या जुन्या लाप्पाचा पडदा.
दार हवं, मी म्हणाले.
साहेब म्हणाले, पडदा आहे ना.
पडद्याला कडी नसते, साहेब.
असं तीनदा लिहून पाठवलं.
चौथ्यांदा नाही लिहिलं,
साहर सुताराला उधारीवर सांगितलं.
आणि एक बाक, चार फुटी,
आई आणि मूल मावेल एवढा.

दार लागायच्या आधीच ती आली.
अनवाणी. शनिवारी, शाळेच्या हिरव्या गणवेशात,
हाताला लागलं ते घालून निघालेली.
मी काही विचारलं नाही. शेंगदाणे दिले.
तिने खाल्ले नाहीत, सोलले फक्त,
टरफलं बाकाऐवजी ठेवलेल्या खोक्यावर ओळीने लावली.
ओळ संपली तेव्हा
मी फॉर्मवरचा पहिला, सगळ्यात सोपा प्रश्न विचारला.

"येई."

आम्हा कोनो लोकांत लेकींना नाव देत नाहीत,
मोजतात.
पहिली सिआ, दुसरी कुंबा, तिसरी फिंडा.
येई म्हणजे चौथी.
मी स्वतः सिआ. थोरली.
चटईवर भिंतीकडे कोण झोपतं आणि दाराकडे कोण,
हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

फॉर्मवर नावासाठी एकच रेघ होती.
पेन तिथेच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका वाढत गेला.

दुपारी सावत्र बापाचा भाऊ आला, बकरी घेऊन.
खुर्ची न मागता बसला.
घरातलं घरात राहू दे, सार्जंट. झाकली मूठ असते.
मी म्हणाले, खाणीवरून निघताना
रोज संध्याकाळी तुमची मूठ उघडतात,
बोटं फाकवून, जिभेखालीसुद्धा बघतात.
तिथे नाही कुणी म्हणत, झाकलेली राहू दे?
तो उठला. बकरी ठेवून गेला.
मी नोंदवहीत लिहिलं:
बकरी एक, काळी-पांढरी, डावा कान चिरलेला, लाच.
रात्री तिने त्याच पानाचा कोपरा खाल्ला.
मसा हसून हसून खाली बसली,
आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिली.

मोटारसायकल होती, पेट्रोल नव्हतं.
दवाखान्याच्या नर्सने लिटरभर दिलं, बाटलीतून.

कुंबा म्हणाली, काही झालं नाही.
तिसऱ्यांदा म्हणाली आणि चपला शोधू लागली.
फिंडा पंपावर पाणी भरत होती.
माझ्या बुटांकडे बघत म्हणाली,
मी तिला भिंतीकडेच झोपवायचे.
त्या रात्री मला ताप होता.
बादली भरून वाहत राहिली,
दोघींपैकी कुणीच हँडल सोडलं नाही.

सिआ आता इथे नसते.
सीमेपलीकडे, गिनीत, लग्न लावून दिलेली,
कुठल्या गावात ते आईला सांगता येत नाही,
की सांगायचं नाही.
तिचं नाव मी पेन्सिलीने लिहिलं.
समासात, कारण रेघ संपली होती.

परतले तेव्हा साहर अंगणात फळी मापत होता,
कानामागे खडू.
"चार फूट ना?"
"सात."
त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्यांकडे पाहिलं.
मोजलं नाही, पण ओठ हलले.
"उधारीच?"
"उधारीच."
फळी खाली ठेवून तो दुसरी, लांब फळी काढायला गेला.
अर्ध्यातून वळला.

"आणि दाराची कडी,
बाहेरून की आतून?"

मी तोंड उघडायच्या आत येई म्हणाली,
आतून.